भुऱ्याच्या घशातलं हाड

भुऱ्याच्या घशात हाड नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावात अजूनही निम्मे लोक ‘होतं’ म्हणतात आणि सुकलालनाना तर शपथेवर सांगतात. कुत्रं पिसाळलं होतं. त्याच्या तोंडात घरातल्या दोघांचे हात गेले आणि दोघांनाही त्याचा दात लागला. त्या दोघांतलं कोण वेळेत सुई घेतं, एवढाच काय तो प्रश्न होता. त्या घरानं त्या प्रश्नाचं काय केलं, ते मी भिंतीपलीकडून पाहिलं. जे पाहिलं नाही, ते नानांच्या बायकोनं, मंगलाबाईंनी, नंतर माझ्या ओट्यावर बसून सांगितलं. त्यांचं ऐकून घेणारं आता घरात कोणी नाही.

मी तापीबाई. गावातल्याच शाळेत शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे कुणालाही टोकायची मला सवय आहे आणि माझं कुणी ऐकत नाही याचीही. सुकलालनाना माझे शेजारी, भिंतीला भिंत. तापीकाठी त्यांची केळी, थोडा ऊस. त्यांचे वाडवडील गुजरातेतून येऊन इथे स्थिरावले. घर कंठीचं. कंठी म्हणजे गळ्यात तुळशीच्या मण्यांची माळ. ती एकदा बांधली की मांस-मासळी सोडाच, कांदा-लसूणही वर्ज्य. न खाण्यात काही वाईट नाही, कितीतरी भली माणसं खात नाहीत. नानांना मात्र न खाण्याचा माज होता. माझ्याकडे लसणाची फोडणी पडली की ते अंगणात येऊन मुद्दाम नाकाला उपरणं लावायचे.

त्यांचा एकुलता एक मुलगा योगेंद्र ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या कंपनीत कामाला होता. तिशी उलटली तरी त्याला मुलगी मिळेना. हल्ली शेतीवाल्या घरात मुली द्यायला कोण तयार असतं? शेवटी खापर गावची रुपाली मिळाली. समाज एकच, पण तिच्या माहेरी रविवारी मटण शिजायचं. नानांनी अट घातली की लग्नाच्या मांडवातच तिनं कंठी बांधून घ्यायची. तिनं बांधली. तरीही मंगलाबाईंनी पुढे बरेच दिवस तिला पाण्याच्या माठाला हात लावू दिला नाही. म्हणे, हाताला वास येतो. गरज होती म्हणून आणलेल्या मुलीला ‘उपकार केले’ असं रोज ऐकवायचं, ही त्या घराची रीत.

भुऱ्या हा त्यांचा कुत्रा. नावाप्रमाणे भुरका, उंच, भल्या स्वभावाचा. तो दूध-भाकरीवर वाढला होता आणि नाना त्याचीही फुशारकी मारायचे. कुत्रंसुद्धा आमच्या घरचं शाकाहारी, असं पाहुण्यांना सांगायचे. पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्यांना रेबीजची लस टोचून देतात, तिकडे त्याला नेऊ या, असं रुपाली एकदा म्हणाली. मी ओट्यावर शेंगा निवडत होते, सगळं ऐकलं.

“पिसाळस ते हाडं चघळनारं कुत्रं,” नाना म्हणाले. “दूध-भाकर खानारं कवय पिसाळस का?”

मी बोलले. म्हटलं, नाना, पिसाळण्याचा खाण्याशी काही संबंध नाही, दुसऱ्या पिसाळलेल्या जनावराचा दात लागला की झालं. नाना हसले आणि म्हणाले की मास्तरीनबाईनी पोरं शिकाडावी, कुत्रं नही. विषय संपला.

ऊसतोडणी सुरू झाली तेव्हा एक कोल्हं उसातून निघून भर दुपारी गावात शिरलं. कोल्हं माणसाला पाहून पळतं. हे पळेना. झिंगल्यासारखं चालत सरळ नानांच्या अंगणात आलं. भुऱ्यानं त्याला लोळवलं, पण त्याच्या वरच्या ओठाला कोल्ह्याचा दात लागला. नानांनी जखमेवर ट्रॅक्टरचं जळकं ऑइल लावलं आणि आठवडाभर चावडीवर भुऱ्याच्या पराक्रमाची कथा सांगितली. जखम भरली. लोक कोल्हं विसरले.

पुढे थंडी चांगली पडली तेव्हा रुपालीला फरक दिसू लागला. भुऱ्याला खाऊ-पिऊ घालणारी तीच होती, तेव्हा आधी तिलाच दिसणार. तिनं हाक मारली की तो मान वळवायचा पण उठायचा नाही. ठिबकच्या नळ्यांची वेटोळी रचून ठेवली होती, त्यांच्या मागच्या अंधारात जाऊन बसायचा. दिवा लावला की तोंड फिरवायचा. भुंकला तर आवाज घोगरा आणि शेवटी लांबवलेला. अंगणात अनोळखी माणूस आला तरी स्वस्थ, आणि पायाजवळून मांजर गेलं तर त्याच्यावर झडप. तिनं मला भिंतीवरून सांगितलं.

“भुऱ्यानं काहीतरी बिघडेल शे, बाई. तो माले वळखत नही.”

मी तिला म्हटलं, हे नानांना सांग. तिनं सांगितलं. जनावराला थंडी बाधते, असं उत्तर मिळालं. मुक्या प्राण्याचा स्वभाव अचानक बदलतो तेव्हा तो दुखणं सांगत असतो, त्याला दुसरी भाषा नसते. पण त्या घरात सुनेलाच भाषा नव्हती, तिथे कुत्र्याचं कोण ऐकणार?

आता योगेंद्राचं सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. कामानिमित्त तो नवापूरकडे फिरायचा आणि विसरवाडीच्या ढाब्यावर मटण खायचा. गळ्यात कंठी, ताटात रस्सा. खायचा तर खायचा, माझं काही म्हणणं नाही, पण घरी येऊन बायकोच्या माहेरच्या खाण्यावर बाप बोलायचा तेव्हा हाही मान डोलवायचा. आपलं ठेवायचं झाकून, त्यातलाच प्रकार. त्याची एकच गोष्ट मला बरी वाटते. ताटातली हाडं तो कागदात गुंडाळून भुऱ्यासाठी आणायचा आणि गोठ्याच्या मागे नेऊन घालायचा. त्या शाकाहारी कुत्र्याला कागदाचा आवाज ओळखता यायचा.

त्या आठवड्यातही त्यानं हाडं आणून घातली होती. आणि मग भुऱ्याचा खालचा जबडा लोंबला. तोंड मिटेना, लाळ गळायची थांबेना, गिळायला गेला की घशात अडकून ठसका लागायचा. योगेंद्रानं ते सकाळी पाहिलं. त्याला वाटलं, आपलंच हाड. कुणाला कळायच्या आत काढावं म्हणून त्यानं गोठ्यामागे नेऊन भुऱ्याच्या तोंडात हात घातला. हाताला हाड लागलं नाही. दाढ लागली, बोटाच्या पेरावर जरा खरचटलं. हाड आणखी आत गेलं असणार, असं त्यानं धरलं, नळाखाली हात धुतला आणि कुणाला काही बोलला नाही. घरात पहिला हात गेला तो हा, आणि तो त्याच्या एकट्यालाच माहीत होता.

दुपारी नानांचा पुतण्या हेमकांत ऊसतोडीचं विचारायला आला. त्यानं कुत्र्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाला, “नाना, तुमना कुत्राना घशामा हाड अडकेल दिसस.”

“आमना घरमा हाड कोठून येई?”

“ते मी काय सांगू?” हेमकांत म्हणाला आणि निघून गेला. पोरगं बोलून मोकळं झालं. इकडे नानांचा चेहरा काळवंडला. कुत्रं मरतंय की जगतंय हे राहिलं बाजूला. घरात हाड आलं कसं, हा प्रश्न उभा राहिला. हेमकांत हे चावडीवर सांगणार, कंठीवाल्या घराचं नाक जाणार, त्याआधी गुन्हेगार सापडायला हवा होता.

नानांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. मी भिंतीपाशी होतेच.

“कोनी दिधं हाड?”

योगेंद्र मोटरसायकलचा आरसा पुसत उभा होता. तो आरसाच पुसत राहिला. मंगलाबाईंनी रुपालीकडे पाहिलं. ती नुकतीच खापरला लग्नाला जाऊन आली होती.

“खापरथून येतांना पिशवी आनी व्हती हिनी,” त्या म्हणाल्या.

“पिशवीमा पापड व्हतात, बाई. तुमनाच समोर उघाडी,” रुपाली म्हणाली. “मी हाड नही दिधं. आनि त्याना घशामा हाड नही शे. तो आठ दिनथून असाच करी ऱ्हायना.”

मग मला राहवलं नाही. म्हटलं, “नाना, गुरांच्या डॉक्टरला बोलवा. तोंडात कुणी हात घालू नका, कुत्र्याचं लक्षण ठीक नाही.”

“डॉक्टर पहिलं इचारी, काय खाद त्यानी. मी काय सांगू, हाड?” नाना म्हणाले. “तालुकाभर व्हई जाई. तुम्ही तुमना घरमा जा, तापीबाई.”

बघा, डॉक्टर का आला नाही याचं कारण हे. पैसे नव्हते म्हणून नाही, दवाखाना दूर म्हणून नाही. डॉक्टरनं खाण्याचं विचारलं तर काय सांगायचं, म्हणून.

नाना रुपालीकडे वळले. “जीनी घालं, तीच काढी. घाल हात.”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मला ते पाहणं आठवतं. तो एक शब्द बोलला असता तरी पुरे होता. ‘मी सकाळीच हात घातला, आत काही नाही’, एवढं जरी म्हणाला असता तरी दोघंही वाचली असती. तो आरशावर फुंकर मारून म्हणाला, “नाना सांगी ऱ्हायनात तं घाल ना. काय व्हस त्याले.”

तिनं घातला. डाव्या हातानं भुऱ्याचं डोकं धरलं, त्याला हळू आवाजात काहीतरी सांगितलं आणि उजवा हात मनगटापर्यंत आत घातला. भुऱ्याचा जबडा मिटत नव्हता, तो चावला नाही, पण झटका देऊन मागे सरला. तिची बांगडी फुटली आणि मागच्या दाढेनं मनगटावर ओरखडा काढला. तिनं हात बाहेर काढला.

“काही नही शे.”

“मूठ उघाड,” नाना म्हणाले. तिनं उघडली. तळव्यावर नुसती लाळ होती. नानांचा विश्वास बसला नाही. हाड आत ढकलून दिलं असेल, चोरानं चोरी उजेडात कशाला आणावी, असं काहीबाही बोलत राहिले. ती तशीच लाळेच्या हातानं उभी होती आणि हात धुवायला जा असं तिला कुणी म्हणालं नाही. मी भिंतीवरून साबणाची वडी फेकली. मंगलाबाईंनी ती उचलून मला परत दिली.

दुसऱ्या दिवशी भुऱ्याचे मागचे पाय गेले. नळ्यांच्या मागे तो पुढच्या पायांवर सरकत राहिला, संध्याकाळी संपला. चांगला कुत्रा होता तो, आणि मरताना त्याच्या जवळ कुणी गेलं नाही. सुनेला जाऊ दिलं नाही.

आता नानांची पंचाईत झाली. हेमकांतनं गावभर केलेलं, आणि हाताला तर काही लागलेलं नाही. नाना पहाटे मागच्या दारानं उकिरड्यावर गेले. तिथे गावातली कुत्री हाडं आणून टाकतात. नानांनी केळीच्या पानाचा तुकडा हातात धरला, त्यात एक हाड उचललं आणि घरी आणून नळाखाली ओलं केलं. मग अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ केली. मंगलाबाई चुलीपुढे होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. नानांनीही त्यांना पाहिलं. मग समाजाच्या चार म्हाताऱ्यांना ओट्यावर बोलावून नानांनी पान उघडून लांबूनच दाखवलं.

“मरेल कुत्राना घशामातून निंघनं,” ते म्हणाले.

झालं. हाड सिद्ध झालं. मला ते पाहायला कुणी बोलावलं नाही, आणि योगेंद्र तेव्हा ठिबकच्या कामाला गेला होता. संध्याकाळी त्याला कळलं की हाड निघालं. त्याला आश्चर्य वाटलं नाही, कारण ते आपणच घातलेलं आहे याची त्याला खात्री होती. उलट बरं वाटलं असावं. भुऱ्या आपल्यामुळे मेला याचं दुःख झालं असेल, तेवढं मी मान्य करते, पण आळ दुसऱ्यावर आला होता. दुसऱ्या दिवशी त्यानंच रुपालीला मोटरसायकलवर बसवून स्टँडवर नेलं आणि अक्कलकुव्याकडच्या बसमध्ये बसवून दिलं. नानांचा निरोप होता की बोलावल्याशिवाय यायचं नाही.

म्हणजे आता असं झालं. हाड खोटं आहे हे नाना आणि मंगलाबाई जाणत होते, पण मुलानं कुत्र्याच्या तोंडात हात घातलाय हे त्यांना माहीत नव्हतं. हात घातलाय हे मुलगा जाणत होता, पण हाड खोटं आहे हे त्याला माहीत नव्हतं. तिघं रोज एका ताटलीतलं लोणचं खात होते. एकानं तोंड उघडलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.

खापरला रुपालीची आई भिकुबाई. तिच्या घरी कुत्री-मांजरं बाजेखाली फिरतात आणि रविवारी हाडांवरून भांडतात. लेकीनं रडत सगळं सांगितलं. भिकुबाईनं अपमानाकडे लक्षच दिलं नाही. तिनं कुत्र्याचंच पुन्हा पुन्हा विचारलं. पंजानं तोंड ओरबाडत होतं का? नाही. तोंड जमिनीला घासत होतं का, केकाटत होतं का? नाही. पाणी?

“पानीमा तोंड घाले, पन पानी घशाखाले जाये नही,” रुपाली म्हणाली. “गुपचूप अंधारामा बठेल ऱ्हाये.”

“ते हाड नव्हतं, पोरी,” भिकुबाई म्हणाली. “हाड अडकेल कुत्रं घर डोकावर लेस. ते पिसाळेल व्हतं.”

हे ओळखायला काही विद्या लागत नाही. ज्या घरात हाड असतं त्या घराला हाड अडकलेलं कुत्रं माहीत असतं. नानांच्या घरात कुणी जन्मात ते पाहिलं नव्हतं, म्हणून लोंबलेला जबडा दिसला की त्यांना हाडच सुचलं. जे आपण करत नाही त्याचीच माणसाला जास्त भीती असते.

भिकुबाईनं लेकीला त्याच पावली सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे मनगट साबणाच्या पाण्यानं बराच वेळ धुतलं, जखमेच्या कडेनं सुया दिल्या, दंडात सुरू केल्या आणि पुढच्या तारखा सांगितल्या. रुपाली एकही चुकली नाही. दोघांपैकी एकीचा प्रश्न तिथे मिटला.

भिकुबाईनं मग मंगलाबाईंना फोन केला. “विहिनबाई, राग-लोभ मांगून देखू. कुत्रं पिसाळेल व्हतं. घरमा कोले त्यानी लाळ लागेल व्हई, खरचटेल व्हई, त्याले सुई द्या. उशीर करू नका.”

मंगलाबाईंनी ते नानांना सांगितलं. नाना भाकरी खात होते.

“पोरीनं पाप धोवाले फोन करी ऱ्हायनी ती,” ते म्हणाले. “कुत्रं पिसाळेल व्हतं तं मंग हाड कोठून निंघनं?”

हे त्यांनी मंगलाबाईंना विचारलं. ज्या बाईनं त्यांना केळीच्या पानात हाड धरून येताना पाहिलं, तिला. आणि मंगलाबाईंनी खाली पाहून ताक वाढलं. त्यांचं म्हणणं असं, की हात फक्त सुनेनं घातला होता आणि तिनं सुई घेतली, मग झालं ना, कशाला वाद वाढवायचा. मी त्यांना शिव्या द्यायच्या म्हटल्या तर पुष्कळ देऊ शकते, पण त्यांनी स्वतःला दिल्या त्यापेक्षा माझ्याजवळ जास्त नाहीत.

रुपालीनं नवऱ्याला वेगळा फोन केला. तिला तो करायचा नव्हता, आईनं करायला लावला. हे सगळं तिनंच मला नंतर सांगितलं.

“तुम्हीन भुऱ्याले हात लाया व्हता का?”

“नही.”

“लाया व्हई तं सुई घ्या. त्याना घशामा हाड नव्हतं.”

“हाड व्हतं.”

“तुमले काय माहीत?”

त्यानं विषय बदलून पाहिला.

“मी हात घाला, माले लागनं नही. तुमले काय माहीत, हाड व्हतं?”

त्यानं फोन ठेवून दिला. इकडे तिच्या लक्षात आलं. हाड होतं असं छातीठोकपणे फक्त ज्यानं घातलंय तोच सांगू शकतो. म्हणजे आपल्याला लाळेच्या हातानं अंगणात उभं केलं, बसमध्ये बसवलं, ते यानं स्वतःला वाचवायला. तिनं आईला एवढंच सांगितलं की निरोप पोचवला. पुन्हा फोन केला नाही. गावातले लोक आता तिला बोल लावतात, की तिनं आणखी जोर करायला हवा होता. ज्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही ते तिला म्हणतात, दुसऱ्यांदा का उघडलं नाही. तिच्या जागी मी असते तर पहिला फोनही केला नसता.

योगेंद्राच्या बोटावरचा ओरखडा तोवर वाळून गेला होता. सुई घ्यायची म्हणजे कुत्र्याच्या तोंडात हात का घातला ते दवाखान्यात सांगावं लागणार, ते कुणीतरी नानांच्या कानावर घालणार, आणि मग हाड कुणाचं हे निघणार. त्यापेक्षा बोट वाळलेलं बरं. आणि कुत्रं तर हाडानं मेलं होतं, हे त्याच्याइतकं खात्रीनं कुणाला माहीत होतं?

थंडी सरली. नाना लग्नाकार्यात हाडाची गोष्ट सांगायचे, सून कशी निघाली ते सांगायचे, सोडचिठ्ठीचं बोलायचे. हवा तापू लागली आणि योगेंद्राच्या त्या बोटाला मुंग्या येऊ लागल्या. तो बोट दगडावर घासायचा. मग ताप आला. ऊन लागलं असेल म्हणून मंगलाबाईंनी कांदा हातावर चोळायला हवा होता, पण त्या घरात कांदा नाही, म्हणून कैरीचं पन्हं केलं. त्यानं पेला तोंडाजवळ नेला आणि घसा आवळला तसा तो भिंतीवर फेकला. पंखा लावला तर वाऱ्यानंसुद्धा त्याची मान ताठ व्हायची. पंखा बंद करा, म्हणायचा. तोंडातून लाळ येत होती आणि ती गिळता येत नव्हती.

मंगलाबाई माझ्या दारात आल्या. त्यांचा पदर डोक्यावर नव्हता, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

“तापीबाई, मन्हा पोर भुऱ्यासारखा करी ऱ्हायना,” त्या म्हणाल्या.

मी जाऊन पाहिलं. मला काही विचारायची गरज पडली नाही. नानांना म्हटलं, गाडी काढा. पहिल्यांदाच त्यांनी माझं ऐकलं. आम्ही नंदुरबारला मोठ्या दवाखान्यात पोचलो, तेव्हा ऊन कलत होतं.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं त्याच्या चेहऱ्यासमोर नुसता कागद हलवला, त्या वाऱ्यानं त्याचा घसा आवळला, तशी ती कागद खाली ठेवून आमच्याकडे वळली.

“गेल्या काही महिन्यांत कुत्रं चावलं होतं का यांना?”

“नाही,” नाना म्हणाले. दवाखान्यात ते शुद्ध बोलतात. “घरचं कुत्रं होतं, ते घशात हाड अडकून मेलं. यानं त्याला हातसुद्धा लावला नाही.”

डॉक्टरनं मंगलाबाईंकडे पाहिलं. मला वाटलं, ही बाई आताही ताक वाढल्यासारखी खाली पाहील.

“हाड नव्हतं,” मंगलाबाई म्हणाल्या. “यास्नी उकिरडावरथून आनं व्हतं. मी देखं.”

या आजारात माणूस शेवटपर्यंत मधूनमधून पूर्ण शुद्धीवर असतो, त्यातली ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे. योगेंद्राचे हात खाटेला पट्ट्यांनी बांधले होते. त्यानं आईचं ऐकलं. त्यानं बापाकडे पाहिलं, मग आईकडे.

“हाड नव्हतं?” तो म्हणाला.

त्याला ते कळायला थोडा वेळ लागला. मग तो बोलू लागला, घसा आवळेल तिथे थांबत, पुन्हा बोलत. हाड मी आणलं होतं. विसरवाडीहून. मी खातो, लग्नाआधीपासून खातो. रुपालीनं काही केलं नाही. तिच्या आधी मी हात घातला होता, गोठ्यामागे, बोटाला दाढ लागली होती. मला वाटलं, हाड निघालं, म्हणजे माझंच होतं.

नाना डॉक्टरकडे वळले. “तापानं बरळतोय तो,” ते म्हणाले. “आमच्या घरात कुणी खात नाही.”

तेव्हा मी नानांना खोलीतून बाहेर जायला सांगितलं. ते गेले नाहीत, भिंतीला टेकून उभे राहिले. योगेंद्रानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तो डॉक्टरकडे पाहत होता. पहिलीपासून चौथीपर्यंत हे पोर माझ्या वर्गात होतं. खरं सांगितलं की शिक्षा माफ, हा माझ्या वर्गाचा नियम होता आणि मी तो नेहमी पाळला.

“सगळं खरं सांगं मी,” तो म्हणाला. “आते माले सुई द्या.”

डॉक्टरनं आम्हाला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, की ती सुई आजार दिसायच्या आधी घ्यायची असते, आता ती देऊन काही होत नाही, आता फक्त त्रास कमी करायचं औषध देता येईल. तिनं आवाज कितीही हळू केला तरी खोली लहान होती.

“खरं सांगं ना,” तो खाटेवरून म्हणाला. “मंग काबर देत नही?”